पंचवीस डॉलरांचा धडा

जून महिन्यात शाळा उघडल्या की आमच्या ओसरीवर पालकांची वर्दळ सुरू होते. कुणाला दाखला हवा असतो, कुणाला फीची सवलत, तर कुणाला नुसताच सल्ला. यंदा अशाच एका पावसाळी संध्याकाळी आमच्या आळीतले आबा छत्री झटकीत आले आणि घोंगडीवर बसता बसताच त्यांनी विचारले, "गुरुजी, ह्ये केजी केजी म्हणत्यात, त्ये काय असतंय हो?"

आबांचा धाकटा नातू तालुक्याच्या एका इंग्रजी शाळेत 'केजी'त गेला होता. मी म्हणालो, "किंडरगार्टन. त्याची आद्याक्षरं म्हणजे केजी."

"इंग्रजी शब्द असंल."

"नाही आबा, जर्मन. किंडर म्हणजे मुलं आणि गार्टन म्हणजे बाग. मुलांची बाग."

"बाग व्हय!" आबा हसले. पण ते हसू फार वेळ टिकले नाही. खरे दुखणे निराळेच होते. त्यांची थोरली नात त्याच शाळेत चौथीत शिकत होती. मधल्या सुटीत ती मैत्रिणीशी मराठीत बोलली, म्हणून तिला पाच रुपये दंड झाला होता.

"पैशाचं काय न्हाई, गुरुजी," आबा म्हणाले, "पण आपल्या आईच्या बोलीत बोललं म्हणून दंड! ह्ये जगात आणिक कुठं हाय का?"

"होतं, आबा. आणि गंमत अशी की तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच गोष्टीत सापडतात. गोष्ट अमेरिकेतली आहे, आणि तीत एक मास्तरही आहे."

त्या संध्याकाळी पावसाच्या सरी ऐकत जी गोष्ट मी आबांना तुटकतुटक सांगितली, तीच आज दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे जरा सविस्तर मांडीत आहे.

*

अमेरिका हे नवे घर असले तरी त्याचे वासे आणि तुळया पुष्कळशा युरोपातून आणलेल्या आहेत. ते घर रिकाम्या जागेवर उभे राहिले नाही, हेही आधीच सांगितले पाहिजे. तेथे मूळचे लोक राहत होते, त्यांची जमीन गेली. आफ्रिकेतून माणसे साखळदंडात आणली गेली, त्यांच्या घामाने शेते पिकली. अमेरिकेच्या गाण्यात, बोलण्यात, स्वयंपाकात त्या दोघांचाही वाटा मोठा आहे. परंतु आजचा विषय युरोपच्या वाट्याचा आहे.

हा युरोप एकरंगी नव्हता. फ्लोरिडात सेंट ऑगस्टीन हे गाव स्पॅनिश लोकांनी १५६५ साली वसविले. आजचे न्यूयॉर्क म्हणजे डच लोकांचे न्यू ॲमस्टरडॅम. इंग्रजांनी ते १६६४ साली घेतले. डच गेले, पण त्यांचे शब्द राहिले. आपण कचेरीतल्या वरिष्ठाला ज्या शब्दाने संबोधतो तो 'बॉस' मूळचा डच 'बास', म्हणजे मालक किंवा मुकादम. सांताक्लॉज हाही डचांचा सिंटरक्लास. इंग्रजांकडून अमेरिकेने भाषा घेतली, कायदा घेतला, ज्युरीची पद्धत घेतली.

इंग्रजांच्या वारशात काही कडक गोष्टीही होत्या. मॅसॅच्युसेट्समधील प्युरिटन मंडळींना नाताळचा सण धर्मबाह्य वाटे. त्यांनी १६५९ साली कायदा करून नाताळ साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठेवला, आणि हा कायदा १६८१ पर्यंत टिकला. नाताळसाठी जगभर प्रसिद्ध असलेल्या देशात एके काळी नाताळ करण्याबद्दल दंड होता, हे सांगितले की माझ्या वर्गातली मुले हमखास हसतात.

या दंड करणाऱ्या देशाला नाताळचे झाड दिले ते जर्मन लोकांनी, आणि आपल्या गोष्टीचे नायक तेच आहेत.

*

जर्मनीतील क्रेफेल्ड गावची तेरा कुटुंबे 'कॉन्कॉर्ड' नावाच्या जहाजाने ६ ऑक्टोबर १६८३ रोजी फिलाडेल्फियास पोचली. फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस हा कायदेपंडित त्यांचा पुढारी. तो काही आठवडे आधीच येऊन थांबला होता. त्यांनी वसविलेल्या वस्तीचे नाव जर्मनटाउन. अवघ्या पाच वर्षांत, १६८८ साली, याच वस्तीतील चौघांनी एका कागदावर सह्या केल्या. माणसांची खरेदीविक्री हा अधर्म आहे, असे त्या कागदात लिहिले होते. इंग्रजांच्या अमेरिकन वसाहतींतील गुलामगिरीविरुद्धचा हा पहिला लेखी निषेध. त्या वेळी कुणी त्याची दाद घेतली नाही, पण बी पेरले गेले.

पुढे जर्मन लोक हजारोंनी येऊ लागले. क्रिस्टोफर सावर या मुद्रकाने १७४३ साली जर्मनटाउनमध्ये जर्मन बायबल छापले. त्या भूमीत छापलेले युरोपीय भाषेतील हे पहिले बायबल. इंग्रजी बायबल तेथे पुरे छापून निघायला १७८२ साल उजाडावे लागले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाल्याची बातमी प्रथम दिली तीही ५ जुलै १७७६ रोजी फिलाडेल्फियातील एका जर्मन पत्राने!

इतके लोक, इतकी छापखान्याची खटपट, मग शेजाऱ्यांना धास्ती वाटणार नाही तर काय? बेंजामिन फ्रँकलिनसारखा शहाणा माणूस १७५१ साली लिहून गेला की, हे जर्मन लोक आमच्यासारखे होण्याऐवजी आम्हालाच जर्मन करून टाकतील. मौज अशी की वसाहतींतले पहिले जर्मन वृत्तपत्र १७३२ साली याच फ्रँकलिनने काढले होते. धंदा होता तोवर भाषा गोड लागली. ती बोलणाऱ्यांची संख्या वाढली तशी कडू झाली.

या धास्तीतून एक दंतकथाही जन्मली. एका मताने इंग्रजी जिंकली, नाहीतर जर्मन ही अमेरिकेची राजभाषा झाली असती, असे पुष्कळ लोक अजून सांगतात. मीही काही वर्षे वर्गात मोठ्या रंगात ती गोष्ट सांगत असे. पण ती खरी नाही. व्हर्जिनियातील काही जर्मनांनी एवढेच मागितले होते की, सरकारी कायद्यांचा जर्मन तर्जुमाही छापून मिळावा. १७९५ च्या जानेवारीत या विषयाशी संबंधित एक तहकुबीची सूचना ४२ विरुद्ध ४१ मतांनी पडली आणि पुढे तो तर्जुमा काही झाला नाही. केवढी साधी मागणी, आणि तिची केवढी मोठी भीती होऊन बसली!

*

आता आबांच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी खेळातून शिकविणारी शाळा काढली आणि १८४० साली तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिले. मुले ही रोपे आणि शिक्षक हा माळी, ही त्यामागची कल्पना. परंतु १८४८ साली जर्मनीत लोकशाहीसाठी उठाव झाला, तो मोडला, आणि धास्तावलेल्या प्रशियाच्या सरकारला या बागेतही बंडाचा वास येऊ लागला. १८५१ साली त्याने किंडरगार्टनवर बंदी घातली. चार वर्षांच्या पोरांना भिणारे सरकार!

त्या उठावातील अनेक तरुणांनी अमेरिकेची वाट धरली. त्यांच्यात कार्ल शुर्झ नावाचा एक विद्यार्थी होता. त्याचे प्राध्यापक गॉटफ्रीड किंकेल यांना जन्मठेप झाली होती. शुर्झ स्वतः सुखरूप निसटला होता. पण तो वेषांतर करून परत आला आणि नोव्हेंबर १८५० मध्ये त्याने स्पांडाऊच्या तुरुंगातून आपल्या गुरूला सोडवून नेले. माझ्यासारख्या मास्तराला ही हकीकत वाचताना भरून येते, हे कबूल करतो. हाच शुर्झ १८५२ साली अमेरिकेत आला, लिंकनच्या बाजूने झटला, यादवी युद्धात सेनापती झाला, सिनेटर झाला आणि पुढे मंत्रीही झाला.

त्याच्या पत्नीने, मार्गारेट शुर्झने, विस्कॉन्सिन राज्यातील वॉटरटाउन या गावी १८५६ साली आपल्या मुलीसाठी आणि नात्यातल्या पोरांसाठी घरातच एक किंडरगार्टन उघडले. अमेरिकेतले ते पहिले, आणि ते जर्मन भाषेत चाले. चार वर्षांनी बॉस्टनच्या एलिझाबेथ पीबडीने इंग्रजी किंडरगार्टन काढले. १८७३ साली सेंट लुई शहरात सरकारी शाळांत त्याचा प्रवेश झाला. मायदेशाने हाकलून दिलेली बाग परदेशात फुलली. आपल्याकडे हा शब्द इंग्रजीचे बोट धरून आला, म्हणून आबांना तो इंग्रजी वाटला, इतकेच.

अशा किती गोष्टी सांगाव्यात! सांताक्लॉज डचांचा खरा. पण आज आपण पाहतो ते त्याचे दाढीवाले गुबगुबीत रूप मुख्यत्वे थॉमस नास्ट या चित्रकाराने १८६३ पासून घडविले, आणि नास्टचा जन्म जर्मनीतील लांडाऊचा. न्यूयॉर्कचा प्रसिद्ध ब्रुकलिन पूल आखला जॉन रोब्लिंगने. काम सुरू होण्यापूर्वीच १८६९ साली एका अपघातानंतर धनुर्वाताने तो गेला. मुलगा वॉशिंग्टन याने काम हाती घेतले, तर नदीच्या तळाशी काम करून तो अंथरुणाला खिळला. मग सून एमिली हिने नवऱ्याचे निरोप पोचवीत, गणिते शिकत काम पुढे रेटले आणि १८८३ साली पूल वाहतुकीस खुला झाला.

आणि आज आपल्या खेड्यापाड्यांतील पोरे ज्या जीनच्या विजारी घालून हिंडतात त्यांची कुळकथा तर ऐकण्यासारखी आहे. 'डेनिम' हे कापडाचे नाव फ्रान्समधील नीम शहरावरून आले. 'जीन' हे नाव इटलीतील जेनोआवरून आले. तांब्याचे खिळे मारून खिसे पक्के करणारा शिंपी जेकब डेव्हिस बाल्टिक किनाऱ्यावरच्या रीगाचा. त्याचा भागीदार लेव्ही स्ट्राउस हा बव्हेरियातला ज्यू व्यापारी. आणि १८७३ साली मिळालेले पेटंट मात्र अमेरिकेचे! अमेरिकन म्हणजे काय, असे कुणी विचारले तर ती विजार दाखवावी.

पण या सगळ्यांत एक गोष्ट वाचकांच्या ध्यानात आली असेल. झाड, पूल, विजार, हॅम्बुर्गच्या नावाचा हॅम्बर्गर, फ्रँकफुर्टच्या नावाचा फ्रँकफर्टर, या सर्व वस्तू अमेरिकेत अशा मुरल्या की त्यांचे माहेर कुणाला आठवत नाही. वस्तू सासरी लवकर रुळते. भाषेचे तसे नसते. तिला घरात कुणीतरी बोलावे लागते, शाळेत कुणीतरी शिकवावे लागते.

आणि हे जर्मनांनी ओळखले होते. सिनसिनाटी शहराच्या सरकारी शाळांत १८४० पासून जर्मन आणि इंग्रजी शिक्षण जोडीने चाले. १९१५ साली अमेरिकेतील माध्यमिक शाळांत दर चार विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक जण जर्मन शिकत होता.

*

६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिकेने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि एका रात्रीत शेजारी परका झाला. आंबवलेल्या कोबीच्या जर्मन पदार्थाला 'स्वातंत्र्याची कोबी' असे नवे नाव मिळाले. सिनसिनाटीतल्या रस्त्यांची जर्मन नावे बदलली. नेब्रास्का राज्यातील जर्मनटाउन गावाचे गार्लंड झाले. बॉस्टनच्या नामांकित वाद्यवृंदाचे संचालक कार्ल मुक यांना अटक झाली. आयोवाच्या गव्हर्नराने मे १९१८ मध्ये फर्मान काढले की शाळेत, रस्त्यावर, चर्चमध्ये, एवढेच काय पण टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलू नये. देवाला इंग्रजी येते की नाही, हे त्याने बहुधा विचारले नसावे.

पण हे सारे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. ४ एप्रिल १९१८ च्या रात्री इलिनॉय राज्यातील कॉलिन्सव्हिल येथे रॉबर्ट प्रेगर नावाच्या जर्मन मजुराला जमावाने पकडले. त्याला अनवाणी फिरविले, निशाणाला गुंडाळले, आईबापांना चार ओळी लिहू दिल्या आणि झाडाला फाशी दिले. अकरा जणांवर खटला झाला. ज्युरीने सर्वांना निर्दोष सोडले. ज्युरी ही इंग्रजांकडून आलेली थोर देणगी, असे मी वर म्हटले आहे. देणगी थोर असली तरी ती कुणाच्या हाती पडते यावर बरेच अवलंबून असते.

युद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये संपले, परंतु राग उरला. एप्रिल १९१९ मध्ये नेब्रास्काने कायदा केला. त्याचा मथितार्थ असा: कोणत्याही शाळेत, सरकारी असो वा खाजगी, इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून काही शिकवू नये, आणि आठवी उत्तीर्ण होईपर्यंत मुलाला परकी भाषाही शिकवू नये. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू मात्र या बंदीबाहेर आहेत, असे तिथल्या न्यायालयाने सांगितले. म्हणजे मेलेल्या भाषा चालतील, जिवंत नकोत.

आता आमचे मास्तर. रॉबर्ट मेयर हे हॅमिल्टन काउंटीतील झायन नावाच्या लहानशा लूथरपंथी शाळेत शिकवीत. त्या वस्तीतल्या वडीलधाऱ्यांना मुलांबरोबर घरी जर्मनमध्ये प्रार्थना करायची होती. म्हणून शाळेने दुपारची सुटी अर्ध्या तासाने वाढविली आणि त्या वेळात जर्मन वाचन ठेवले. सुटीत शिकविले म्हणजे शाळेत शिकविले नाही, अशी ही साधीभोळी युक्ती. २५ मे १९२० रोजी मेयर एका दहा वर्षांच्या मुलाकडून बायबलमधील गोष्टी जर्मनमध्ये वाचून घेत होते. तेवढ्यात काउंटीचे सरकारी वकील दारात उभे राहिले.

मेयरांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, त्या क्षणी त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. पुस्तक मिटून इंग्रजी सुरू केली असती तर वकीलसाहेब काही न बोलता निघून गेले असते. पण आपण कचरायचे नाही, असे त्यांनी मनाशी ठरविले आणि धडा जर्मनमध्येच पुढे चालू ठेवला.

मी वीसेक वर्षे वर्गात उभा राहिलो आहे. साहेब तपासणीला दारात आले की माझा आवाज नकळत बदलतो, हे मी जाणतो. म्हणून त्या खेड्यातल्या मास्तरांचा तो क्षण मला एखाद्या लढाईहून लहान वाटत नाही.

मेयरांना पंचवीस डॉलर दंड झाला. तो त्यांनी भरला नाही. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयात ते हरले आणि खटला वॉशिंग्टनला गेला. त्यांची बाजू मांडली ऑर्थर मलन यांनी. हे आयरिश वंशाचे कॅथलिक. युरोपात ज्यांच्या पूर्वजांनी एकमेकांची डोकी फोडली त्या पंथांपैकी एकाचा वकील दुसऱ्या पंथाच्या मास्तरासाठी उभा राहिला.

४ जून १९२३ रोजी निकाल लागला. नऊपैकी सात न्यायमूर्तींनी मेयरांच्या बाजूने कौल दिला. निकालपत्रात प्राचीन स्पार्टाचा दाखला आहे. तेथे मुलगा सात वर्षांचा झाला की त्याला आईबापांपासून काढून छावणीत नेत. राज्याला नागरिक घडविण्याचा अधिकार आहे, पण स्पार्टाचा मार्ग आमच्या घटनेला मान्य नाही, असे न्यायालयाने म्हटले. घटनेत 'स्वातंत्र्य' हा जो शब्द आहे त्यात लग्न करणे, घर मांडणे, मुले वाढविणे, त्यांना शिकविणे हे सारे येते, आणि जर्मन भाषा येणे ही काही अपायकारक गोष्ट नव्हे.

*

इथवर ऐकून आबांनी मांडीवर थाप मारली. "मंजे मास्तर जिंकला! दंड बी गेला!"

"निकाल फिरला, तसा दंडही गेला. पण आबा, भाषा वाचली नाही."

हे मला त्यांना सांगावे लागले. १९२२ साली अमेरिकेच्या माध्यमिक शाळांत जर्मन शिकणारे विद्यार्थी शंभरात एकसुद्धा उरले नव्हते. कायदा रद्द झाला तरी घराघरांत भीती राहिली होती. आईबापांनीच मुलांशी जर्मन बोलणे सोडले. २०२० च्या जनगणनेत साडेचार कोटी अमेरिकनांनी आपले मूळ जर्मन असल्याचे नोंदविले. परंतु त्यांतल्या बहुतेकांना आजोबांचे जुने पत्र वाचता येत नाही. जर्मन बोली आज प्रामुख्याने टिकली आहे ती पेनसिल्व्हेनिया, ओहायो वगैरे राज्यांतील घोडागाडीतून फिरणाऱ्या आमिश लोकांच्या घरी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीविरुद्ध दोस्तांच्या फौजा नेणारे आयसेनहॉवर हेही जर्मन घराण्याचेच वंशज. इतकी ती माणसे अमेरिकन होऊन गेली. ती अमेरिकन झाली याचे दुःख नाही. त्यासाठी घरातली बोली टाकावी लागली, ती न टाकताही झाली असती, याचे आहे. १९१७ च्या आधी दोन्ही भाषा बोलणारी सिनसिनाटीची मुले काही कमी अमेरिकन नव्हती.

मेयरांचा खटला मात्र वाया गेला नाही. आईबापांच्या हक्काचा प्रश्न आला की अमेरिकेची न्यायालये आजही त्याकडे बोट दाखवितात. १ मार्च २०२५ रोजी तेथील अध्यक्षांनी हुकूम काढून इंग्रजीला अधिकृत भाषा केले. त्याआधी देशाची अशी अधिकृत भाषाच नव्हती. तरीही मुलांना आपली भाषा शिकविण्याचा आईबापांचा हक्क १९२३ पासून तसाच उभा आहे. तेथील आपली महाराष्ट्र मंडळे शनिवार-रविवारी मराठी शाळा चालवितात. तिथे आपल्यापैकी कुणाची नात 'अ अननसाचा' गिरवीत असेल, तर तिच्या पाटीमागे त्या खेड्यातल्या मास्तरांचाही हात आहे, असे मी मानतो.

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गुरुजी, तितं सरकारनं दंड केला. हितं आपुनच फी भरून पोरीला दंड करून घ्यायला धाडतोय."

मला यावर काही बोलता आले नाही. पाऊस थांबला होता. आबांनी छत्री उचलली. पायरी उतरता उतरता ते वळून म्हणाले, "उद्या त्या शाळेत जातो. इंग्रजी शिकवा म्हणावं, भरपूर शिकवा. पण सुटीत पोर कुठल्या बोलीत हसती ते नगा बघू."

ते खरोखरच गेले. पाच रुपये काही परत मिळाले नाहीत. पण परवा वसुबारसेला नात आबांबरोबर आमच्याकडे आली होती. ती मला शाळेतल्या गमती सांगत होती, आणि मधल्या सुटीत मैत्रिणींना तिने आजीची कापूसकोंड्याची गोष्ट सांगितली, हे सांगताना तिचे डोळे चमकत होते.